सतरा नंबरचा झिरा

"अर्जुन टाक," मी म्हणालो.

पद्माकर निकमनं पेन्सिल थांबवली. "पठारावर अर्जुन? ऊन लागलंय तुला. अर्जुन पाण्याकाठी येतो."

"म्हणूनच टाक. पठारावर सालई, धावडा, ऐन कुणीही लिहील. नुसतं तेवढंच लिहिलं तर गुडधे सर चष्मा पुसायला घेतील. मधेच एक अर्जुन उभा राहिला की म्हणतील, एवढं विचित्र कुणी खोटं लिहिणार नाही."

"घेर?"

"एकशे त्रेचाळीस."

"एकशे चाळीस लिहितो."

"त्रेचाळीस. मागच्या वर्षीच्या पोरांची काय गत झाली, विसरलास?"

मागच्या वर्षी दोघांनी जंगलात न जाता तंबूत बसून पत्रकं भरली होती. सगळे घेर चाळीस, पंचेचाळीस, साठ, पंच्याहत्तर. सरांनी ते कागद अख्ख्या वर्गासमोर वाचले आणि एवढंच म्हणाले, "खरं झाड पाचाच्या पाढ्यात वाढत नाही." दोघांचंही वर्ष गेलं. म्हणजे चोरी करणाऱ्याला चोरी कशी करायची तेही सरांनीच शिकवून ठेवलं होतं, आणि तेवढा एक धडा मी मन लावून शिकलो होतो.

आता मला ओळखणारे लोक म्हणतील, आला ठोसर, आता वाघ येणार. ज्या वाघानं माझा डबा खाऊन, धुऊन, पालथा घालून ठेवला तो, किंवा दुसरा, ज्याला मी जांभईच्या वेळी दातातली काडी काढून दिली तो. तर आधीच सांगतो, या गोष्टीत वाघ नाही. असता तर बरं झालं असतं.

एकोणनव्वद साल. आम्ही वनशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला. चंद्रपूरच्या पलीकडच्या जंगलात दोन आठवड्यांचं शिबिर लागलेलं, एप्रिलचा शेवट. दोन-दोन पोरांच्या जोड्या पाडलेल्या आणि प्रत्येक जोडीला वीस प्लॉट. प्लॉट म्हणजे जंगलातला एक चौकोन, बाजू साडेएकतीस मीटरच्या आसपास. साखळीनं आखायचा, आतलं एकूण एक झाड छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटीमीटरवर, टेपनं मोजायचं आणि पत्रकात उतरवायचं. शेवटी मधल्या झाडावर लाल रंगानं प्लॉटचा आकडा काढायचा, वीतभर उंचीचा, म्हणजे दहा वर्षांनी येणाऱ्यालाही तो सापडावा. हे सगळं पुढं जंगलखात्याच्या नकाशात जाणार होतं. शिबिर पास झालं तर चौथं वर्ष, नाही तर घरी. माझे वडील जिनिंगमध्ये फिटर होते. घरी जाऊन त्यांना काय सांगायचं, याची थाप काही मला सुचत नव्हती.

सोळा प्लॉट आम्ही खरोखर मोजले. अठरा, एकोणीस, वीससुद्धा खरे. राहिला सतरा. तो होता वर, उपाशी पठारावर. नाव गावकऱ्यांचं. वर थेंबभर पाणी नाही, म्हणून पठार उपाशी. दीड तासाची उभी चढण, आणि अकरालाच दगडाला हात लावला तर चटका बसायचा. आमचा वाटाड्या मानकू कोडापे, चिचटोल्याचा वनमजूर, त्या दिवशी फळीवर गेला होता. फळी म्हणजे तेंदूपानांचे पुडके जमा करून घ्यायची जागा. तिथं हंगामाची बैठक होती. जाताना तो बजावून गेला होता, "उपाशी पठारावर माह्याबिगर जाऊ नका, बाबू. उद्या जाऊ संगं."

पण सर पत्रकं घ्यायला त्याच संध्याकाळी येणार होते. पद्माकरच्या टाचेला आवळ्याएवढा फोड. मग आम्ही कोरड्या नाल्यात मोहाच्या सावलीला बसलो आणि मी सतरा नंबरचं जंगल बसल्या जागी लावलं. एकतीस झाडं. सालई सत्त्याऐंशी, धावडा चौसष्ट, एक ऐन वीज पडून वाळलेला, एका मोवईच्या ढोलीत पोपट. अगदी नांदतं जंगल.

"अर्जुन आहे तर पाणी दाखवावं लागेल," पद्माकर म्हणाला. तो नाशिककडचा, हिशेबी माणूस. "नाही तर सर विचारतील, हा जगला कशावर."

पत्रकात तसा रकाना होताच. मी लिहिलं, 'झिरा. अर्जुनाच्या बुडाशी. बारमाही.'

"बारमाही कशाला?"

"टाकलंच आहे तर बारा महिने असू दे. अर्धवट थाप मला आवडत नाही."

तो हसला. मीही हसलो. तिथं बसून तरी ते फार मजेशीर होतं.

सर आले तेव्हा ऊन कललं होतं. तंबूसमोरच्या खाटेवर बसून त्यांनी एकेक पत्रक पाहिलं. मानकू फळीवरून परतला होता आणि चुलीवर चहा करत होता. सतराव्या कागदाशी सर थांबले. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"उपाशी पठारावर झिरा?"

"हो सर."

"एप्रिलच्या अखेरीस?"

"हो सर."

चुलीकडून मानकूचा आवाज आला. "कोठी?"

"तुमच्या पठारावर, मानकू," सर म्हणाले. ते खूश झाले होते. "तुम्ही म्हणता पाणी नाही. या पोरांना मिळालं."

मानकू चहाचं भांडं तसंच हातात घेऊन उठला. पन्नाशीचा, काटक, डाव्या कानाची पाळी कधीकाळी अस्वलानं नेलेली. "नाही जी," तो म्हणाला. "माह्या बापानं नाही पायलं तेथी पानी. बापाच्या बापानं नाही पायलं."

आता गप्प बसायला काय हरकत होती? पण कुणी 'नाही' म्हटलं की माझ्या जिभेला धार येते. तेव्हाही यायची. मी म्हणालो, "आम्हालाही दिसलं नसतं, मानकूभाऊ. मधमाश्यांनी दाखवलं. दगडाच्या कपारीत शेवाळ, त्यावर माश्या बसलेल्या, नुसत्या पीत होत्या. खाली चिखलात सांबराचे खूर. एका खुरात एवढं पाणी की त्यात आभाळ दिसत होतं. अर्जुनाच्या मुळाखालून येतं. थेंब थेंब नाही, करंगळीएवढी धार."

"कहूच्या मुळाखालून?" मानकूनं विचारलं. अर्जुनाला तिकडं कहू म्हणतात.

"कहूच्या."

"गोड?"

"गोड. जरासा पानांचा वास येतो, पण गोड."

त्या संध्याकाळचं माझं सांगणं आजवरचं सगळ्यांत चांगलं होतं. वाघाच्या डब्याला त्याची सर नाही. माझ्यापुढं करंगळीएवढी धार वाहत होती आणि मलाच तहान लागली.

मानकूनं भांडं खाली ठेवलं. "सतरा नंबर लिवला का जी झाडावर?"

"लिहिला ना. लाल. मधल्या सालईवर."

तो पठाराकडं वळला. मग म्हणाला, "वरतं तेंदूचं पान लई मोठं आहे, बाबू. हाताएवढं. एक भोक नाही पानाले, कोनी तोडतच नाही. माही बायको वीस सालापासून खालून पाहते अन् म्हनते, पानी असतं तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "वैशाखात राहीन का पानी?"

पद्माकरनं माझ्या पायावर पाय दिला. सर माझ्याकडं पाहत होते. कौतुकानं पाहत होते.

"आत्ता एवढं आहे म्हणजे राहील," मी म्हणालो.

तंबूत शिरल्यावर पद्माकर माझ्यावर धावून आला. "त्याला सांग. उद्याच्या उद्या सांग."

"सांगून काय? तो सरांना सांगेल."

"तो खरंच जाईल वर."

"जाऊ दे की. अरे, जंगलातला माणूस तो. जाईल, बघेल, नाही म्हणेल, परत येईल. झिरा आटला म्हणू. झिरे आटतात."

"आणि तोवर?"

"तोवर आपण कॉलेजात."

पण शिबिर लांबलं. दोन जोड्यांची पत्रकं सरांनी परत केली आणि सगळ्यांनाच आणखी आठवडाभर थांबवलं. मे उजाडला, पानं तोडायला सुरुवात झाली. मानकूनं तीन दिवसांची रजा घेतली.

चिचटोल्यात एक रीत होती. नवं रान तोडायला घ्यायचं तर आधी एका घरच्या नवरा-बायकोनं जायचं, पहिले पुडके बांधायचे आणि उतरून सांगायचं. मग बाकीचं गाव. उपाशी पठार कुणी कधी उघडलंच नव्हतं. गावचा भूमक, म्हणजे देवाचं बघणारा म्हातारा, नको म्हणाला होता. पठार देवानं उपाशी ठेवलंय, तिथं जेवण मागू नका, असं त्याचं म्हणणं. मानकू म्हणाला, देवानंच पाणी दिलं असेल तर? कागदावर आहे.

चार तारखेला तांबडं फुटता फुटता मी नाल्यावर तोंड धुवायला गेलो होतो. समोरून मानकू आणि त्याची बायको रैनाबाई आली. पानं बांधायचा ओला वाख, म्हणजे सालीची दोरी, तिच्या कमरेला आणि खांद्याला एक तुंबा. दुध्या भोपळ्याचा, शेर-दीड शेर पाण्याचा.

"एवढंच पाणी, मावशी?" मी विचारलं.

ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि हसताना ती पदर आड धरायची. "तुमचा झिरा आहे ना, बाबू. जाताना वझं काहून वाहाचं? येताना पानं आनाची हायेत."

मानकू पुढं निघाला होता. मी म्हणालो, "झिरा... आठवडा झाला आता. कमी झाला असेल."

"कमी झाला तं ओंजळीनं पिऊ."

"ही माझी बाटली न्या."

"दोन हात पानाले लागतेत. तिसरा तुमी देता का?" ती चार पावलं गेली आणि वळली. "अन् खोटं निंगालं तं तुमालेच भारे वाहाले लावीन, सांगून ठेवतो."

मी तोंड उघडलं. समोर रैनाबाई पदर धरून हसत उभी. टेकाडावर तंबूबाहेर सर दात घासत होते, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. दोन शब्द होते. 'तिथं नाही.' एवढेच. मी बंद केलं तोंड. मग ती गेली.

अकरा वाजता सरांच्या थर्मामीटरवर चव्वेचाळीस होते. बारा वाजता पद्माकर चार बाटल्या भरून माझ्यासमोर उभा राहिला. टाचेचा फोड फुटलेला, बूट घालता येईना म्हणून पायाला फडकं बांधलेलं. आम्ही निघालो. सरांना सांगितलं, एक मोजणी तपासायची आहे.

चढण अर्धी झाली तेव्हा वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. मानकू उतरत होता. रैनाबाई त्याच्या पाठीवर होती, पानाच्या भाऱ्यासारखी वाखानं बांधलेली. दुसरं कशानं बांधणार?

त्यानं तिला खाली ठेवलं. सावली नव्हतीच. मी माझ्या अंगाची सावली पाडायचा प्रयत्न केला, तर ती भर दुपारची, पायाखालीच पडली. पद्माकरनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी तोंडात सोडलं. ते ओठांच्या कोपऱ्यांतून बाहेर आलं. त्यानं परत सोडलं. परत बाहेर आलं. तिसऱ्यांदा मानकूनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, बाबू. वाया चाललं."

दुसरी बाटली मी त्याच्यापुढं धरली. त्यानं घेतली नाही. त्याचे ओठ फाटलेले होते. दोन्ही हातांची नखं मातीनं भरलेली आणि बोटांच्या टोकांना रक्त.

मला कळलं. तो झिरा उकरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला माती दिली. सर होते, आम्ही सगळी पोरं होतो, गाव होतं. नंतर आंब्याखाली बैठक बसायची होती. भूमक आधीच येऊन बसला होता. मानकूनं मला खुणेनं घरामागं बोलावलं. तिथं चूल होती, पालथी घातलेली मडकी होती. ओट्यावर तो तुंबा होता.

मी रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. म्हणालो, "मानकूभाऊ, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माहं ऐका." तो उकिडवा बसला. आवाज अगदी साधा, वाट सांगतानाचा. "ऊन चटके द्याले लागलं तवा तुंबा सरला. तिले म्हटलं, तू पानं तोड, मी झिरा पाहून येतो. चार घटका फिरलो. वापस आलो तं ते सालईखाली पडून. वैशाखात सालईले एक पान नसते, तुमाले तं मालूमच आहे. झाडाखाली होती अन् उन्हात होती."

मी खाली बसलो.

"पैले वाटलं, झिरा आटला. झिरा आटते. मंग वाटलं, कहू कोठी आहे? म्हटलं, कोनी तोडला असंन. चोर येते, तोडते." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "पन सतरा कोठी गेला, बाबू?"

मी ओट्यावरच्या तुंब्याकडं पाहिलं.

"पठारावरच्या एकेक सालईले हात लावला मी. वाचता येत नाही मले, पन तुमचे बाकीचे एकोनीस आकडे मी पायले आहेत. लाल रंग मले वळखू येते. झिरा आटते, झाड जाते. रंग आठ दिसांत नाही जात."

"मी आत्ता जाऊन सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो. "सरांनाही सांगतो. माझं वर्ष जाईल, जाऊ दे. पोलिसांत..."

"नाही सांगाचं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तेथी भूमक बसला आहे," मानकू म्हणाला. "तो म्हनन, नको म्हटलं होतं. गाव म्हनन, याचा बाप या रानात, आजा या रानात, अन् हा एका पोट्ट्याचा कागद आयकून बायकोले घेऊन गेला. माही पोरगी आहे घरात. थे आयुष्यभर काय आयकन? का बापाले जंगल समजत होतं अन् बापानं कागदाचं आयकलं?" तो थांबला. "देवानं पानी दिलं अन् देवानं वापस नेलं, तं त्यात कोनाचा दोष नाही. माहा नाही. तुमी तेच सांगा. झिरा होता. तुमी पेलं. आटला."

"मानकूभाऊ, मी खोटं..."

"तुमाले येते ना बोलता," तो म्हणाला. रागानं नाही. सुताराला म्हणावं, तुला रंधा चालवता येतो ना, तसं. "थ्या दिवशी मधमाश्या सांगतल्या, खूर सांगतला. तसंच सांगा. बराबर सांगा."

मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "अन् थो रंगाचा डबा द्या मले. बुरूशबी."

डबा तंबूत होता. मी जाऊन आणला आणि त्याच्या हातात दिला. कशाला, ते विचारलं नाही.

मग मी आंब्याखाली गेलो आणि चिचटोल्यासमोर दुसऱ्यांदा तो झिरा वाहवला. शेवाळ सांगितलं, माश्या सांगितल्या. पाणी गोड होतं, पानांचा वास येत होता, मी ओंजळ भरून प्यायलो, असं सांगितलं. भूमकानं मला तीन प्रश्न विचारले, मी तिन्हींची उत्तरं दिली. बायका रडत होत्या. त्यांच्या माना डोलत होत्या, म्हणजे त्यांना पाणी दिसत होतं. शेवटी भूमक म्हणाला, "देवाचं होतं, देवानं नेलं," आणि मानकूच्या हातावर हळद-तांदूळ ठेवले. मानकूची पोरगी बापाला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. मी मात्र पुढं अनेक वर्षं मनात तिलाच पाहत राहिलो.

परत येताना सर माझ्याबरोबर चालत होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "ठोसर, त्या अर्जुनाचा घेर किती?"

"एकशे त्रेचाळीस, सर."

"किती उंचीवर मोजलास?"

"एक मीटर सदतीस."

ते चालता चालता थांबले. चष्मा काढला आणि पुसला. सदऱ्याच्या टोकानं, नीट, दोन्ही काचा. मग घातला आणि पुन्हा चालू लागले. मोजणीच्या विषयात मला वर्गात पहिला नंबर मिळाला.

पद्माकरनं वनशास्त्र सोडलं. तो पुढं बँकेत लागला म्हणे. मी सोडलं नाही. जंगलखात्यात लागलो, आणि थापा मारण्याबद्दल चार जिल्ह्यांत नाव काढलं. वाघाचा डबा, दातातली काडी, एका अजगरानं गिळलेली आणि आत चालू राहिलेली मोटरसायकल. पोरं विचारतात, साहेब, एवढ्या मोठ्या कशाला मारता, जरा पटेल अशी मारा. पटेल अशी मी एक मारली आहे. तिच्यामागं एक बाई शेरभर पाणी घेऊन गेली.

अकरा वर्षांनी माझी बदली त्याच भागात झाली. पहिल्याच दिवशी मी नकाशा मागवला. उपाशी पठारावर एक निळा ठिपका होता, सुबक, गोल. मी तो खोडायला सांगितलं. कारकून म्हणाला, खोडता येणार नाही साहेब, गेल्याच वर्षी कॉलेजची पोरं येऊन फेरमोजणी करून गेली. त्यानं पत्रक काढून दिलं. प्लॉट नंबर सतरा. झिरा, बारमाही. अर्जुन, घेर एकशे त्रेचाळीस.

दहा वर्षांत झाड सुतभरही वाढलं नव्हतं.

मी एकटा वर गेलो. जानेवारीत, सहा बाटल्या पाणी घेऊन. मानकू चार वर्षांपूर्वीच गेला होता. पठाराच्या मध्यावर एका सालईच्या बुडाशी दगडांचा ढीग होता. जंगलात कुणाला अवेळी मरण आलं की त्या जागी येणारा-जाणारा एक दगड ठेवतो, तसा. ढीग कमरेएवढा झाला होता. आणि सालईवर, बरोबर छातीच्या उंचीवर, लाल रंगात सतरा. अक्षर ज्याला येत नाही अशा माणसानं दुसऱ्याचं पाहून काढलेलं. एकच्या आकड्याचं शेपूट उलट्या बाजूला गेलेलं. सालईची साल दर साली पापुद्र्यासारखी सुटून पडते. रंग टिकायचा नाही. म्हणजे तो दरवर्षी वर येऊन पुन्हा काढत असणार, आणि तो गेल्यावर दुसरं कुणीतरी. रंग ताजा होता.

मी दगड ठेवला. मग साखळी काढली आणि ते झाड मध्याला धरून चौकोन आखला. एकट्यानं साखळी ओढायची म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला परत चालत यावं लागतं. संध्याकाळपर्यंत एकूण एक झाड मोजलं. बावीस भरली. सालई, धावडा, मोवई, दोन तेंदू. अर्जुन नाही. पाण्याच्या रकान्यात लिहिलं, 'नाही. कधीही नव्हतं.' खाली सही केली आणि वरच्या कचेरीत पाठवून दिलं.

दीड महिन्यानं तो कागद परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'आधीच्या दोन्ही मोजण्यांशी जुळत नाही. फेरतपासणी करावी.'

पोरांना ही गोष्ट सांगतो तेव्हा इथं ती हसतात. म्हणतात, साहेब, ही मात्र तुम्ही रचलेली.

मी हसू देतो.